अस्मानी, सुलतानी आणि हवामान बदल

मराठी माणसाने संकटांची वाटणी फार पूर्वी दोन शब्दांत करून ठेवली आहे. आभाळातून येते ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून येते ते सुलतानी. अवर्षण, गारपीट, टोळधाड, महापूर ही पहिल्या खात्यात. जादा पट्टी, लूट, जुलूम ही दुसऱ्या खात्यात. जुन्या कागदपत्रांत हे दोन शब्द जोडीने येतात, कारण साऱ्यात सूट द्यायची की नाही, नुकसान कोणाच्या पदरात टाकायचे, हे त्यांवरून ठरत असे. अस्मानी संकटात दाद मागायला कोणी नसते, तिथे दया मागावी लागते. सुलतानी संकटात जाब विचारता येतो. हवामान बदलाने ही वाटणी मोडली आहे. पाऊस आजही आभाळातूनच पडतो. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत जाळलेल्या कोळशातून, तेलातून आणि वायूतून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्या आभाळात साठला आहे. तो कोणी, कुठे आणि किती सोडला, याचे हिशेब उपलब्ध आहेत. अस्मानी संकटात सुलतानीचा हात शिरला आहे. राजकारणात आणि सार्वजनिक चर्चेत मात्र तो दाखवला जातो किंवा झाकला जातो, आणि तसे करण्याचे साधन म्हणजे भाषा.

विज्ञानाच्या बाजूने मूळ मुद्द्यावर वाद उरलेला नाही. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात माणसामुळे पृथ्वी तापली ही गोष्ट निःसंदिग्ध असल्याचे नोंदवले. २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि दडी मारतो तेव्हा जमीन लवकर भाजते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. विदर्भाला हा निष्कर्ष परका वाटण्याचे कारण नाही. कपाशी आणि सोयाबीन घेणाऱ्या वर्धा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाचा हा नवा स्वभाव आकडेवारीआधीच कळला आहे.

एखाद्या प्रश्नाची मांडणी चार गोष्टी ठरवते: दोष कोणाचा, झळ कोणाला, उपाय कोणता आणि पैसा कोणाच्या खिशातून. ही चौकट चर्चा सुरू होण्याआधीच बसवलेली असते आणि बहुतेक वेळा ती एका शब्दात दडलेली असते. अमेरिकेत राजकीय प्रचाराचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी २००२ च्या सुमारास आपल्या पक्षाला सुचवले की ‘जागतिक तापमानवाढ’ ऐवजी ‘हवामान बदल’ म्हणावे, कारण त्याने लोक कमी धास्तावतात. उलट ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने २०१९ मध्ये आपल्या लेखनात ‘हवामान आणीबाणी’सारख्या शब्दांना पसंती देण्याचे ठरवले. दोघांनाही शब्दाचे वजन नेमके ठाऊक होते.

मराठीत अडचण आणखी आधी सुरू होते. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ म्हणजे ठरावीक वेळेची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घ काळाची सरासरी, असा काटेकोर भेद शिकवला जातो. शाळेबाहेर तो टिकत नाही. हवामान खाते उद्याच्या पावसाचा अंदाज देते, वर्तमानपत्रातला ‘हवामान’ हा चौकोन आजच्या पाऱ्याचा असतो आणि सर्दी झालेल्या पोराची आई ‘हवामान बदललंय’ म्हणते तेव्हा तिला ऋतूचा पालट अभिप्रेत असतो. त्यामुळे ‘हवामान बदल’ हा शब्द ऐकताना दर चार महिन्यांनी घडणारी नेहमीची गोष्ट कानावर पडते. शासनाने ‘वातावरणीय बदल’ हा शब्द रुजवून पाहिला. जून २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाचे नावच ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे झाले. हा शब्द नेमका आहे, पण तो फलकावरच राहिला. चावडीवर तो कोणी उच्चारत नाही. त्या जागी ‘निसर्गाचा कोप’, ‘निसर्गाची अवकृपा’, ‘लहरी पाऊस’ हे शब्द आहेत आणि ते सगळे अस्मानीच्या खात्यातले आहेत.

भारताने जागतिक व्यासपीठावर जी चौकट उभी केली ती याच्या अगदी उलट, जाब विचारणारी आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधी यांनी पर्यावरणाचा प्रश्न दारिद्र्यापासून तोडू नये अशी भूमिका घेतली. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातर्फे एक पुस्तिका काढली. भाताच्या शेतातून किंवा गुराढोरांतून निघणारा वायू आणि श्रीमंत देशातल्या मोटारींतून निघणारा वायू एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, असा तिचा गाभा होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे आणि चैनीचे वेगळे. १९९२ च्या रिओ परिषदेतील कराराने जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही हे तत्त्व मान्य केले. २०१५ च्या पॅरिस परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘हवामान न्याय’ हा शब्द पुढे ठेवला. आकडे या भूमिकेच्या बाजूने आहेत. भारताचे दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, तर अमेरिकेचे सुमारे चौदा टन.

ही चौकट खरी आहे आणि तिचा आग्रह धरलाच पाहिजे. पण ती देशाच्या सीमेवर थांबते. दरडोई सरासरीत वातानुकूलित इमारतीत राहणारा आणि आर्वी तालुक्यात दुपारी निंदण करणारी मजूर बाई एकाच ‘भारतीय’ आकड्यात बसतात. जगापुढे मांडलेला न्यायाचा प्रश्न देशाच्या आत, राज्याच्या आत, जिल्ह्याच्या आत विचारला जाऊ लागला की चर्चेची भाषा बदलते. तिथे न्यायाऐवजी सवयींचा विषय निघतो.

शिक्षकदिनी, ५ सप्टेंबर २०१४ रोजी, विद्यार्थ्यांशी बोलताना पंतप्रधानांनी हवामानापेक्षा माणूस आणि त्याच्या सवयी बदलल्याचे म्हटले होते. त्याच नेत्याने २०११ मध्ये, गुजरातचे मुख्यमंत्री असताना, हवामान बदलावर पुस्तक लिहिले होते आणि पुढे पॅरिसमध्ये न्यायाची भूमिका मांडली. हा विसंगतीचा भाग नाही. घरच्या श्रोत्यांसाठी एक चौकट आणि बाहेरच्यांसाठी दुसरी, ही बहुतेक देशांच्या राजकारणाची रीत आहे. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आणि त्याच मंचावर पर्यावरणपूरक जीवनशैलीचे आवाहन केले. २०२२ मध्ये हेच आवाहन राष्ट्रीय अभियान बनले.

जीवनशैलीच्या या चौकटीला गांधींचे नाव जोडले गेले आहे. भारताने पॅरिस कराराला मान्यता दिल्याचा दस्तऐवज २ ऑक्टोबर २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला. महाराष्ट्राचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर ते बेतले आहे आणि त्यात ग्रामपंचायती व नगरपालिकांना गुण मिळतात. वृक्षलागवड, कचऱ्याचे वर्गीकरण, सौर दिवे ही कामे त्यात मोजली जातात, आणि ती चांगली कामे आहेत. पण ‘माझी’ या सर्वनामाने जबाबदारी कुटुंबाच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंगावर येते. कोळशाच्या खाणीला, पोलाद कारखान्याला किंवा औष्णिक केंद्राला तिथे गुणपत्रिका नाही.

गांधी वर्ध्यात राहिले ते मात्र सवयींच्या प्रचारापुरते नव्हे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. त्याचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडन आणि न्यूयॉर्क येथे शिकलेले हिशेबतज्ज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ. १९४५ च्या सुमारास तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात त्यांनी निसर्गातील साधनांचे दोन वर्ग केले: साठ्याची साधने आणि प्रवाहाची साधने. कोळसा, खनिज तेल, लोखंड हा साठा. काढला तेवढा कमी होणारा. जंगलातले लाकूड, वाहते पाणी, माणसाचे व जनावराचे बळ हा प्रवाह. जपला तर पुन्हा भरणारा. साठ्यावर उभी असलेली अर्थव्यवस्था हाणामारीकडे जाते, कारण उरलेल्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न सुटत नाही, हे त्यांचे निदान होते. कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. तरी त्यांनी बोट ठेवले ते उत्पादनाच्या पद्धतीवर आणि सत्तेवर. वर्ध्याच्या या परंपरेतून साधी राहणी तेवढी उचलायची आणि कुमारप्पांचा साठा व प्रवाहाचा हिशेब मगनवाडीतच सोडायचा, ही निवड सोयीची आहे. हवामानाच्या चर्चेला आज खरी गरज आहे ती त्या सोडलेल्या भागाची.

नावातून चौकट कशी हरवते याचा नमुना शेतीच्या योजनांत सापडतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचे इंग्रजी नाव हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा उल्लेख करते. मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे वर्ध्यासह सहा आणि जळगाव, असे पंधरा जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यात होते. मराठीत तो ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ झाला. शेततळे, ठिबक, शेडनेट, बीजोत्पादन यांसाठी अर्ज करणाऱ्याच्या लेखी ही आणखी एक अनुदानाची योजना आहे. हवामानाचा संदर्भ कर्ज देणाऱ्या बँकेसाठीच्या नावात राहिला, अर्जदाराच्या नावातून गळला.

याच्या उलटही घडते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर आणल्या जात आहेत. उत्सर्जन कमी करणारे हे राज्यातले सर्वांत मोठे पाऊल ठरू शकते. ते ‘दिवसा वीज’ या दोन शब्दांवर लोकप्रिय झाले. रात्री बारा वाजता विंचू-सापाच्या भीतीत ओलित करणाऱ्याला त्यात काय मिळते हे समजावून सांगावे लागत नाही. चौकट गरजेला भिडली की कार्बनचे नावही न घेता धोरण पुढे सरकते, ही गोष्ट प्रचारकांनी नीट पाहण्यासारखी आहे.

सर्वांत मोठी झुंज मात्र आपत्तीच्या व्याख्येवर होते. पाऊस किती पडला म्हणजे अतिवृष्टी, पीक किती गेले म्हणजे नुकसान, आणि कोणत्या वर्षाला दुष्काळ म्हणायचे, या तीन प्रश्नांत महाराष्ट्राचे हवामानविषयक राजकारण जवळजवळ सगळे सामावले आहे, मग त्याला कोणी हवामानाचे राजकारण म्हणो वा न म्हणो.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर मदत. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्के होती. पर्जन्यमापक मंडळाच्या एका जागी असतो आणि ढग तिथेच फुटेल असे नाही. चार कोसांवरच्या शिवारात बांध फुटतो, पऱ्हाटी आडवी होते आणि मापकात ५० मिलिमीटरच भरतात. तीस-चाळीस मिलिमीटरचा पाऊस आठ दिवस लागोपाठ पडला तर मुळे कुजतात, सोयाबीन पिवळे पडते, पण एकाही दिवशी ६५ चा आकडा गाठला जात नाही. शेतकऱ्यांच्या या तक्रारीमुळे राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही राज्यापुरती नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. हवामान बदलाचे एक लक्षण शासकीय शब्दकोशात शिरले ते असे, शेताच्या बांधावरून. संशोधन अहवालाला ते जमले नव्हते.

दुष्काळ या शब्दाचा इतिहास याहून बोलका आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन वर्षे झाली तेव्हा, १९६३ मध्ये, विधिमंडळाने एक वेगळाच कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द काढून त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घालण्याचा तो कायदा. शासन शेतीच्या स्थितीवर सतत नजर ठेवते आणि टंचाईची चाहूल लागताच उपाय करते, तेव्हा आता दुष्काळाला वाव नाही, असा त्यामागचा विचार होता. शब्द गेला, अवघ्या नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी त्या काळात दुसरी चौकट घडवली: दुष्काळात दान नको, काम हवे, आणि ते हक्काने हवे. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. पुढे देशभरच्या रोजगार हमीला हाच कायदा वाट दाखवणारा ठरला. आभाळाने दिलेल्या संकटात राज्याचे देणे निश्चित करणारा हा कायदा अस्मानी-सुलतानीच्या वाटणीला दिलेले मराठी समाजाचे सर्वांत मोठे उत्तर आहे. त्याचे मूळ त्याहून जुने. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा दोष आभाळावर टाकण्याचे नाकारले होते. बांधबंदिस्ती, तलाव, पाण्याची साठवण ही सरकारची कामे आहेत असे त्यांनी मांडले होते.

तरीही ‘टंचाई’ शब्द टिकला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे ब्रीद ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ होते. त्याच काळात ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा शब्दप्रयोग शासन निर्णयांत वारंवार येऊ लागला. ‘सदृश’ या एका शेपटीमुळे दुष्काळाच्या सगळ्या सवलती द्यायच्या की काही थोड्या, हे मोकळे राहत असे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१६ मध्ये शासनाला खुलासा करावा लागला की २९ हजारांहून अधिक गावांबाबत ‘दुष्काळसदृश’ हा शब्द ‘दुष्काळ’ असा वाचावा. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची दुष्काळविषयक नवी नियमावली आली आणि पावसाची तूट, पिकांचे उपग्रहीय निर्देशांक, जमिनीतील ओल असे निकष लागू झाले. तोवर मुख्य आधार पैसेवारीचा होता: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम, आणि ५० पैशांखाली आली तर दुष्काळ. पैसेवारीत दोष पुष्कळ होते, पण ती शेतातल्या पिकावरून ठरत असे. पाऊस कमी पडला की जास्त, याची तिला पर्वा नव्हती. नवी पद्धत पाऊस न पडण्यावर उभी आहे.

त्यामुळेच २०२५ चा पेच उद्भवला. त्या सप्टेंबरात मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात पाण्याने पिके आणि माती दोन्ही वाहून गेली आणि ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगावी उठली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नियमावलीत अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळात दिल्या जाणाऱ्या सवलती लागू करू, असे सांगितले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. नियमावलीच्या बाजूने पाहिले तर मुख्यमंत्र्यांचे म्हणणे बरोबर होते. भाषेच्या बाजूने शेतकरी बरोबर होता. मराठीत पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. दुष्काळ म्हणजे वाईट काळ: पीक गेले, चारा गेला, हाताला काम नाही, घरात दाणा नाही, असा काळ. तो कोरडाही असतो आणि ओलाही. केंद्राच्या इंग्रजी नियमावलीतील अवर्षणाचे भाषांतर ‘दुष्काळ’ असे झाले आणि मराठी शब्दाचा अर्धा अर्थ कायद्याबाहेर फेकला गेला. ज्या बदलामुळे एकाच हंगामात आधी पावसाचा खंड आणि मग ढगफुटीचा मारा बसतो, त्या बदलाचे नेमके नाव शेतकऱ्याच्या तोंडी आधीपासून होते.

मागण्यांची दिशाही चौकटच ठरवते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नागपूरच्या वेशीवर वर्धा मार्ग अडवणाऱ्या आंदोलनाची मुख्य मागणी कर्जमाफी होती. २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यांत वर्धाही होते, पंतप्रधानांचे पॅकेज आले तेव्हाही केंद्रस्थानी आत्महत्या आणि कर्ज होते. कर्ज हे सुलतानीचे खाते; तिथे सरकारला धरता येते, म्हणून शेतकऱ्याचा जोर तिथे असतो आणि ते शहाणपणाचेच आहे. मात्र पीक कशाने गेले हा भाग मग पंचनाम्यापुरता उरतो. पीकविम्याचा तर उलट प्रवास दिसतो: २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपात ती सवलत गेली आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान यांसारखे आधार वगळून भरपाई पीककापणी प्रयोगावर आली. लहरी पावसाचा धोका वाढत असताना विम्याचे छत्र आखडले गेले.

दुसऱ्या बाजूला हवामान बदल हा शब्द ढालीसारखाही वापरला जातो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एका बाजूने ‘ढगफुटीसदृश’ पाऊस हे कारण सांगितले गेले, दुसऱ्या बाजूने सांडव्याजवळची बांधकामे आणि नदीचे आकसलेले पात्र. हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे तासाला १०० मिलिमीटरच्या घरातला पाऊस. इथेही ‘सदृश’ हा शब्द मदतीला आला, फक्त यावेळी संकट मोठे दाखवण्यासाठी. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात: पाऊस बदललेला आहे आणि म्हणूनच नाले मोकळे ठेवण्याची जबाबदारी वाढलेली आहे. चर्चेत मात्र ही दोन्ही कारणे एकमेकांसमोर उभी केली जातात.

कोळशाच्या बाबतीत विदर्भ वेगळ्याच पेचात आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे केंद्र, तिरोड्याचे ३३०० मेगावॉटचे, मौद्याचे २३२०, शिवाय कोराडी आणि खापरखेडा: राज्याच्या औष्णिक विजेचा मोठा वाटा येथे तयार होतो. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडून राख शेतांत आणि पाण्यात गेली. पुढे २९ मे २०२३ रोजी कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. विरोधाचा भर राख, सल्फर डायऑक्साइड आणि श्वसनाचे विकार यांवर होता, समर्थनाचा रोजगारावर. वीज मुंबई-पुण्याकडे आणि धूर विदर्भाला, ही अनुशेषाच्या लढ्यातून आलेली चौकटही तिथे होतीच. पॅरिसमध्ये भारताने जगाला विचारलेला प्रश्नच नागपूर-चंद्रपूर मुंबईला विचारत आहेत. कार्बनचा मुद्दा या वादात मागे पडतो, कारण कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना चुरचुरत नाही. राख चुरचुरते. तरी एकाच धुराड्यातून दोन्ही येतात, आणि राखेविरुद्धची लढाई ही विदर्भातली खरी हवामान चळवळ आहे, तिने ते नाव घेतले नसले तरी.

उष्णतेला तर चौकटच मिळालेली नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही, म्हणून तो बातमीच होत नाही. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर मथळे झाले. लगेच हवामान खात्याने संवेदकातील बिघाडाचा खुलासा केला. खोट्या ५६ ला जेवढी जागा मिळाली तेवढी खऱ्या ४५ ला मिळत नाही, जरी माणसे त्या ४५ मध्ये मरतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, गारपीट, अगदी हिमस्खलनही होते. उष्णतेची लाट नव्हती. उष्माघाताने दगावलेल्या मजुराच्या दाखल्यावर बहुधा हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते. कामाच्या वेळा, सावली, पाणी, बुडालेली मजुरी हे कामगारांच्या हक्काचे प्रश्न आहेत, आणि उष्णतेकडे त्या बाजूने पाहिले तर १९७७ च्या कायद्याइतके मोठे काही घडू शकते.

पिपरी मेघेसारख्या गावात या सगळ्या चौकटी एकत्र येतात. वर्धा शहराला चिकटलेले हे गाव जनगणनेच्या लेखी शहर आहे आणि कारभाराच्या लेखी ग्रामपंचायत. सिमेंटच्या घरांची दाटी शहराची, निधीचे निकष गावाचे. वर्धा शहर आणि परिसर धाम नदीवरील महाकाळीच्या प्रकल्पावर अवलंबून आहे, म्हणजे ज्या पाणलोटात शेतकरी पावसाच्या खंडाने होरपळतो, तिथूनच इथल्या नळाला पाणी येते. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांत आखावा लागतो. त्यांत ‘आरोग्यदायी गाव’, ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ या आहेत. हवामान बदल या नावाची संकल्पना नाही. उन्हाळ्यातली उष्माघाताची औषधे पहिलीत बसतात, टँकर आणि विहीर पुनर्भरण दुसरीत, रस्त्याकडेची झाडे तिसरीत, आणि दुपारी बारा वाजता काम थांबवावे लागल्याने मजुराचा बुडालेला रोज यांपैकी कशातच बसत नाही.